चालत्या वयात दृष्टी गेली तर: पहिल्या वर्षात काय शिकायचं, कसं शिकायचं

उंबरठा (धागाकर्ता)

जन्मापासून अंध असलेल्या मुलासाठी निदान शाळा आहेत. मुंबईतली दादरची शाळा तर १९०० सालापासून आहे. पण पस्तिशीत, पन्नाशीत ज्याची दृष्टी जाते त्याला डॉक्टर "आता औषधाने काही होणार नाही" असं सांगतात आणि तिथेच सगळं थांबतं. पुढे कुठे जायचं, काय शिकायचं, हे सांगणारा कागद कोणी हातात देत नाही. काचबिंदू, मधुमेहाने खराब झालेला पडदा, रेटिनायटिस पिगमेंटोझा म्हणजे आरपी (पडदा हळूहळू निकामी होत जाण्याचा आनुवंशिक आजार), डोळ्याच्या नसेचे आजार, अपघात. कारण कोणतंही असो, घरी परतल्यावर चित्र सारखंच असतं. कालपर्यंत शिंपी, कारकून, आई, मास्तर असलेला माणूस घरात फक्त पेशंट होतो. पाणीसुद्धा हातात आणून दिलं जातं.

तो पुन्हा "मी अमुक" म्हणायला लागतो तो स्वतःची सही करायला लागल्यावर, स्वतःचा चहा करायला लागल्यावर, एकट्याने नाक्यापर्यंत जाऊन यायला लागल्यावर. या प्रत्येक गोष्टीची पद्धत ठरलेली आहे आणि ती शिकता येते. ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनी इथे लिहावं ही विनंती. उद्या सकाळी करून बघता येईल असं लिहा, धीर देणारी वाक्यं नकोत.

सुरुवात मी करतो. पहिल्या महिन्यात दोन गोष्टींनी माणूस घाबरतो आणि कुणाला सांगत नाही.

पहिली: दृष्टी गेल्यावरही काहीतरी दिसतं. भिंतीवर नक्षी, जाळी, अनोळखी चेहरे, छोटी माणसं, फुलं. याला चार्ल्स बोनेट सिंड्रोम म्हणतात. बोनेट या स्विस निसर्गअभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हे नोंदवलं होतं. डोळ्यांकडून माहिती येणं बंद झालं की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. हे वेड नाही. ही चित्रं बोलत नाहीत आणि ती खरी नाहीत हे माणसाला कळत असतं. आवाजही येत असतील किंवा चित्रं खरी वाटत असतील तर डॉक्टरांना लगेच सांगायला हवं. एरवी डोळ्यांची जोरात उघडझाप करावी, नजर दोन-चार वेळा डावी-उजवीकडे फिरवावी, जागेवरून उठून दिवा लावावा. बहुतेक वेळा चित्र मोडतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर बाहेरचं काही लागलं म्हणून देवऋषी गाठला जातो.

दुसरी: झोप. उजेड-अंधारसुद्धा कळत नसेल तर शरीराचं घड्याळ रोज थोडं थोडं पुढे सरकतं आणि काही आठवड्यांनी माणूस रात्रभर जागा, दिवसभर पेंगुळलेला असा होतो. उठण्याची वेळ, जेवणाच्या वेळा आणि सकाळचं चालणं घट्ट ठरवा, दुपारची झोप अर्ध्या तासावर नेऊ नका. तरी जमलं नाही तर डॉक्टरांना "उजेडही कळत नाही" हे शब्द वापरून सांगा, म्हणजे नुसती झोपेची गोळी मिळणार नाही.

फोडणी

उंबरठा, चांगला धागा. घरापासूनच सुरू करू.

दारं. एकतर पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड कपाळावर बसते, कारण पुढे केलेले दोन्ही हात दाराच्या दोन बाजूंनी निघून जातात. कपाटाची दारं आणि ओट्याखालचे खण यांचंही तेच. घरातल्या प्रत्येकाला हा नियम पाठ हवा.

वस्तूंची जागा ठरवायची ती अंध माणसाने. घरचे "सोयीचं पडेल" म्हणून डबे हलवतात आणि मग तोच माणूस चाचपडताना दिसतो. एकसारख्या डब्यांना रबरबँड: साखरेला एक, मिठाला दोन. मोहरी, जिरं, मेथी बोटाला स्पष्ट वेगळी लागतात, त्यांना खूण लागत नाही. हळद-तिखटाला मात्र लागते, कारण हुंगून ओळखायला गेलं की तिखट नाकात जातं.

गॅस: आधी पातेलं बर्नरवर ठेवून मध्यभागी आहे ना ते बर्नर थंड असतानाच हाताने बघायचं. मग लायटर बर्नरच्या कडेला टेकवून चाप दाबायला तयार, आणि त्यानंतर बटण फिरवायचं. उलट क्रम केला की गॅस साचून भपका होतो. आच किती हे बटणाच्या कोनावरून आणि आवाजावरून कळतं. सैल बाही, ओढणी, पदर आधी खोचून घ्यायचा. स्टीलच्या सांडशीची सवय असली तरी सुरुवातीला कापडी हातमोजे बरे, कारण सांडशीची पकड नीट बसली की नाही हे बोटांना कळायला वेळ लागतो.

चहा: ज्या कपाने चहा प्यायचा त्याच कपाने पाणी मोजून घ्यायचं, एक कप पाण्याला पाव कप दूध. दूध घातल्यावर आवाज बदलतो, आणि वर यायला लागल्यावर बुडबुड्यांचा आवाज दबतो. ती खूण. गाळताना कप मोठ्या ताटलीत ठेवायचा, गाळण्याची कड कपाला टेकवायची, पातेल्याची चोच गाळण्याला टेकवायची. थंड पाणी ओतताना पेराएवढं बोट कपात वाकवून ठेवतात. गरम चहाला तसं करू नये. कपाच्या बाहेरून बोटं लावली की उष्णता वर चढताना कळते.

आता ताट. इंग्रजी पुस्तकांत घड्याळाची पद्धत असते: बाराच्या जागी भाजी, तीनच्या जागी भात. ती वापरा हवी तर. पण आपल्याकडे पान वाढायची रीत आधीच नकाशासारखी आहे: मीठ-लिंबू वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, भात-पोळी समोर. घरात हल्ली ही रीत पाळली जात नाही एवढंच. ती पुन्हा काटेकोर पाळली की जेवणाऱ्याला काही विचारावं लागत नाही, आणि पंगतीतसुद्धा तो इतरांसारखाच जेवतो. आमटीची वाटी ताटात असावी, ताटाबाहेर नाही. बाहेरची वाटी हमखास लवंडते.

नदीकाठ

खूप उपयोगी. एक प्रश्न: सहीचं काय करायचं? दृष्टी गेल्यावर बँकेत अंगठाच घ्यावा लागतो का?

उंबरठा

नाही. अंगठा घेणं हा कायद्याचा आग्रह नाही, ती बऱ्याच ठिकाणची सवय आहे. ज्याने पंचवीस वर्षं सही केली त्याच्या बोटाला शाई लावणं म्हणजे त्याचं नाव काढून घेणंच. सही परत बसवता येते, साधारण दोन-तीन आठवडे रोज पंधरा मिनिटं.

जुनं प्लास्टिक कार्ड घ्या, एटीएमच्या आकाराचं. त्यात सात सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापा, कडा घासून गुळगुळीत करा. डोळस माणसाने सहीच्या जागेवर कार्ड ठेवून द्यायचं. देवनागरी सही करणाऱ्याला इथे एक फायदा आहे. खिडकीची वरची कड म्हणजे शिरोरेघ. एरवी आपण अक्षरं काढून मग रेघ मारतो. इथे उलट करायचं: पेन वरच्या कडेला टेकवून आधी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लोंबवायची. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख शेवटच्या अक्षरापाशी टेकलेलं ठेवायचं, म्हणजे पेन उचलला तरी जागा हरवत नाही.

बिघडतं ते दोन ठिकाणी. वेलांटी आणि मात्रा शिरोरेघेच्या वर जातात आणि तिथे कार्डाची कड आडवी येते. तेव्हा अक्षरं झाली की कार्ड अर्धा सेंटिमीटर वर सरकवायचं, किंवा सही आडनावाच्या पहिल्या दोन अक्षरांवर आणायची. दुसरं म्हणजे अक्षरं एकावर एक चढतात. नख पुढे सरकवायचं राहिलं की हे होतं. सही बसली की बँकेत नव्या सहीचा नमुना द्यायचा. जुन्या नमुन्याशी ती जुळणार नाही, आणि चेक परत आला की लोक पुन्हा अंगठ्याकडे वळतात.

कलम_वीस

सहीच्या मुद्द्याला जोडून. रिझर्व्ह बँकेच्या ४ जून २००८ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे की चेकबुक, एटीएम, नेटबँकिंग, लॉकर, किरकोळ कर्ज, क्रेडिट कार्ड या सुविधा दृष्टी नाही या कारणावरून नाकारायच्या नाहीत. शाखेत "तुम्हाला एटीएम कार्ड देता येणार नाही" असं उत्तर मिळालं तर वाद घालत बसू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा. लेखी मागितल्यावर बऱ्याचदा प्रश्न तिथेच सुटतो. बँकेने तक्रारीवर ३० दिवसांत समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

आता नोकरी, कारण चालत्या वयात दृष्टी गेलेल्यांचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम २०, पोटकलम ४. सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दा उतरवता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्तीच्या, पदावर ठेवावं लागतं. सरकारी कंपन्या, महामंडळं, स्थानिक संस्था, अनुदानित संस्था यांनाही हे लागू आहे. काही आस्थापनांना सरकार अधिसूचना काढून सूट देऊ शकतं, तेवढं आधी तपासा.

चूक कुठे होते? माणूस खचलेला असतो, कार्यालयातलं कुणीतरी आपुलकीनेच सांगतं, "स्वेच्छानिवृत्ती घ्या, मुलाला लावून घेऊ." सही होते आणि संरक्षण संपतं. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती, वैद्यकीय अपात्रतेचा स्वतःचा अर्ज, यातल्या कशावरही सही करू नका. शिल्लक रजा टाका आणि एक लेखी अर्ज द्या: अपंगत्व अमुक तारखेला आलं, कलम २०(४) प्रमाणे समकक्ष पद मिळावं, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) असलेला संगणक मिळावा. खासगी कंपनीत एवढं भक्कम संरक्षण नाही. तिथे कलम २१ खालचं समान संधी धोरण मागून बघावं लागतं.

प्रमाणपत्राशिवाय यातलं काहीच हलत नाही. यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा: फोटो, सही किंवा अंगठा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा. मग ठरलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी. कार्डावरचा पट्टा ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळा, ८० आणि वर निळा. सवलती साधारण ४० पासून सुरू होतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच धरतात, त्यामुळे त्या आशेने खेटे घालू नका.

चैत्रपालवी

आरपी असलेल्यांना "तुम्हाला दिसतंय की, तक्ता तर वाचलात" म्हणून परत पाठवतात, त्याचं काय?

कलम_वीस

फार नेमका प्रश्न आहे. कायद्याच्या व्याख्येत दोन मोजमापं आहेत. एक नजरेची तीक्ष्णता: चांगल्या डोळ्याने, चष्मा लावून ३/६० पेक्षा कमी असेल तर अंधत्व. दुसरं नजरेचं क्षेत्र: १० अंशांपेक्षा कमी असेल तरीही अंधत्व, मग तक्त्यावर ६/९ का दिसेना. क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी. आरपी आणि काचबिंदूवाल्यांनी तक्त्याच्या भरवशावर जाऊ नये. पेरिमेट्री, म्हणजे क्षेत्राची तपासणी, आधी करून तिचा अलीकडचा अहवाल बरोबर ठेवावा, आणि "क्षेत्र मोजा" असं तोंडाने सांगावं.

१० अंश म्हणजे किती? हात पूर्ण लांब करून मूठ धरली की मुठीच्या रुंदीएवढं. एक मीटरवर साधारण १७-१८ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, बाकी सगळं नाही. त्यामुळे हा माणूस मोबाइलवरचं बारीक अक्षर वाचतो आणि पायाजवळच्या स्टुलाला अडखळून पडतो. शेजारीपाजारी "नाटक करतो" म्हणतात ते यामुळे. मुठीचं उदाहरण त्यांना करून दाखवा, लगेच समजतं.

टकटक

काठीबद्दल लिहितो. आरपीवाल्यांनी काठी घ्यायची वेळ कोणती, तर रात्री अनोळखी रस्त्यावर पाय अडखळायला लागला ती. थोडं दिसत असताना शिकलेला माणूस पुढे सहज चालतो. बरेच जण काठी घेणं म्हणजे हार मानणं समजून पाच-सात वर्षं ती पिशवीत घडी घालून ठेवतात आणि त्या काळात हाडं मोडून घेतात.

लांबी: सरळ उभं राहिल्यावर जमिनीपासून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. साडेपाच फुटी माणसाला साधारण ११५ ते १२० सेंटिमीटर. भरभर चालणाऱ्याला यापेक्षा लांब, थेट हनुवटीपर्यंतही चालते, कारण जितकी काठी लांब तितका थांबायला वेळ जास्त. गर्दीत मात्र लांब काठीत लोकांचे पाय अडकतात. दुकानातून मिळेल ती उचलू नका. आखूड काठीने माणूस पुढे वाकून चालतो आणि दोन महिन्यांत पाठ धरते.

पकड: हात बेंबीसमोर, शरीराच्या मधोमध, तर्जनी काठीच्या अंगाने सरळ खाली. हात एका बाजूला गेला की माणूस चालताना दुसरीकडे झुकतो आणि सरळ रेषा सुटते. काठी मनगटातून हलवायची, खांद्यातून हलवली तर अर्ध्या तासात खांदा भरून येतो. टोक दोन्ही बाजूंना खांद्यापेक्षा पाच सेंटिमीटर बाहेर जाईल एवढीच कमान, आणि जमिनीपासून इंचभराच्या वर उचलायचं नाही. मुख्य गोष्ट ताल. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा काठी डावीकडे टेकायला हवी, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत बसवली आणि आजही शिक्षणाची सुरुवात तिथूनच होते. ताल चुकला की काठी आणि पाय एकाच बाजूला पडतात. मग थांबायचं, दोन्ही पाय जुळवायचे, पुन्हा सुरू. चालता चालता ताल दुरुस्त करायला जाऊ नये.

पहिले दहा-बारा दिवस घराच्या व्हरांड्यात किंवा सोसायटीच्या आवारात, रोज वीस मिनिटं. मग भिंतीच्या कडेकडेने एक ठरलेला रस्ता: घर ते दुकान. खुणा पक्क्या करायच्या: गिरणीचा आवाज, बेकरीचा वास, उताराला पायांना जाणवणारा फरक. पार्क केलेली स्कूटर ही खूण नव्हे, ती उद्या तिथे नसेल.

काठीला कंबरेच्या वरचं काही कळत नाही. टेम्पोचं उघडं फाळकं, खिडकीतून बाहेर आलेली एसीची पेटी, झाडाची फांदी. अशा जागी दुसरा हात कोपरात वाकवून चेहऱ्यासमोर आडवा, तळवा बाहेरच्या बाजूला. ध्वनिलहरींनी वरचे अडथळे ओळखणारी स्मार्टकेन आयआयटी दिल्लीत तयार झाली आहे. ती साध्या काठीवरच बसते, त्यामुळे आधी साधी काठी नीट यायला हवी.

लोकल: अपंगांच्या डब्याच्या जागी फलाटावर टीट-टीट आवाज येत असतो, तो धरून उभं राहायचं. गाडी थांबली की आधी काठीचं टोक डब्याच्या आत टेकवून जमीन आहे ना ते बघायचं आणि मगच पाय. दोन डब्यांमधली फट काठीला उघड्या दारासारखीच लागते आणि तिथे पाय टाकणं जिवावर बेततं. आत टणक जमीन लागली नाही तर गाडी सोडून द्यायची. कितीही घाई असो, यात तडजोड नाही.

नदीकाठ

आणि डोळस माणसाने बरोबर चालायचं असेल तर?

टकटक

अंध माणसाने तुमचा कोपराच्या वरचा दंड धरायचा आणि अर्धं पाऊल मागे राहायचं. तुम्ही त्याला धरू नका, मागून ढकलू तर मुळीच नका. तुमच्या शरीराची हालचाल त्याला दंडातून कळते. अरुंद जागा आली की तुमचा हात पाठीमागे न्या, तो आपोआप तुमच्या मागे येतो. जिन्यापाशी क्षणभर थांबून "वर" किंवा "खाली" एवढंच सांगा. खुर्चीवर बसवू नका, त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, बाकी तो बघेल. आणि निघून जाताना "मी जातोय" हे सांगून जा.

सहा_टिंबं

ब्रेलबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. "मोबाइल बोलतो, मग ब्रेल कशाला" हा प्रश्न नेहमी येतो. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. शब्दाचं र्‍हस्व-दीर्घ, जोडाक्षर, विरामचिन्ह ब्रेलमध्ये बोटाखाली येतं. मोठ्या वयात शिकणाऱ्याने कादंबऱ्या वाचल्याच पाहिजेत असं नाही. डब्यावरची चिठ्ठी, फोन नंबर, भाषणाचे मुद्दे, लिफ्टचं बटण एवढं आलं तरी रोज उपयोग होतो.

एका घरात सहा टिंबं. डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६. भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली आणि ती सगळ्या भारतीय भाषांना जवळपास एकच आहे. क म्हणजे १-३, म म्हणजे १-३-४, ल म्हणजे १-२-३. मात्रा वेगळी नाही, स्वरच व्यंजनानंतर येतो. म्हणून "कि" लिहिताना क आधी, इ नंतर, बोलतो त्याच क्रमाने. जोडाक्षराला टिंब ४ आधी येतं: "स्त" म्हणजे ४, मग स, मग त. आकड्यांची खूण ३-४-५-६ आहे आणि ण सुद्धा तोच. गोंधळ होत नाही, कारण मराठी शब्द ण ने सुरू होत नाही.

पाटीवर (खाचांची पट्टी, तिच्यात कागद अडकवतात) स्टायलसने, म्हणजे टोचणीने, लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटा केला की डावीकडून उजवीकडे वाचता येतं. मोठ्या वयात शिकणारे इथे अडतात, कारण काही अक्षरं एकमेकांची आरशातली रूपं आहेत: इ आणि ए, ज आणि ह, र आणि ठ. "मराठी" या शब्दातच र आणि ठ दोन्ही आहेत, सरावाला तो शब्द उत्तम. सलग दहा वेळा लिहून स्वतःच वाचा. उपाय सोपा आहे: "डावं-उजवं" असा विचार सोडा. ज्या बाजूने घरात शिरतो ती पहिली बाजू, तिथे १-२-३.

वाचताना बोटाचा पुढचा मांसल भाग, हलका स्पर्श, आडवी सरळ चाल. अक्षर कळलं नाही की लोक बोट वर-खाली घासतात. त्याने टिंबं झिजतात आणि आकार आणखी बिघडतो. एका घरातल्या दोन टिंबांत फक्त अडीच मिलिमीटर अंतर असतं, तेव्हा दाबून उपयोग नाही. रोज दोन वेळा वीस-वीस मिनिटं. बोट बधिर झालं की थांबायचं.

एक इशारा. मधुमेहाने दृष्टी गेलेल्यांच्या बोटांच्या टोकांची संवेदनाही कमी झालेली असू शकते. त्यांना ब्रेल येत नाही तो अभ्यासाचा दोष नसतो. आधी मोठ्या आकाराचं ब्रेल देऊन बघा, नाही जमलं तर आवाजावर भर द्या. त्यांच्या पायांचंही तेच. बोथट झालेल्या तळव्यांना जमिनीतला फरक कळत नाही आणि जखमही कळत नाही, म्हणून अनवाणी चालण्याचा सराव त्यांना देऊ नये.

कळफलक

फोन आणि संगणक.

अँड्रॉइडवर टॉकबॅक, म्हणजे फोनमधलाच स्क्रीन रीडर. सेटिंगमध्ये शॉर्टकट चालू करून ठेवला की आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून ते चालू-बंद होतं. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, दोनदा टिचकी मारली की ती उघडते, दोन बोटांनी पान सरकतं. पहिल्या आठवड्यात फक्त तीन कामं: फोन उचलणं, फोन लावणं, वेळ ऐकणं. व्हॉट्सॲप नंतर. घरातलं कोणी फोन हातात घेतं, एका टिचकीने काही उघडत नाही म्हणून "बिघडला" समजतं आणि टॉकबॅक बंद करून ठेवतं. मग मालक पुन्हा परावलंबी. सर्वांना सांगून ठेवा.

क्यूआर कोड: फोन कोडला टेकवायचा आणि सरळ रेषेत हळूहळू वीतभर मागे आणायचा. पैसे देताना इअरफोन एकाच कानात. पिन भरताना बोललेलं शेजारच्याला ऐकू जाता कामा नये.

संगणकाला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर. २००६ पासून ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी विकसित केलेला, पूर्ण मोफत. मराठी आवाज त्यात बसतो. टायपिंगला इनस्क्रिप्ट ही देवनागरी कळांची मांडणी शिका: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ज्या दोन कळांवर उंचवटा असतो त्यावर डावीकडे र्‍हस्व वेलांटी आणि उजवीकडे र येतो. तिथून सगळा कळफलक मोजता येतो.

मराठीतली खरी अडचण जुन्या फाँटची. कृतिदेव, श्रीलिपीच्या जुन्या फाइली डोळ्यांना मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. "मराठी" हा शब्द कृतिदेवमध्ये असेल तर स्क्रीन रीडर "ई, जे, के, बी, एच" असं वाचतो. कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी युनिकोडमध्येच, म्हणजे आतही मराठी अक्षरंच राहतील असं, लिहावं, हा आग्रह अर्जात लेखी घाला. स्कॅन केलेला कागद म्हणजे नुसता फोटो, तो आधी ओसीआर करून, म्हणजे फोटोतली अक्षरं मजकुरात बदलून, घ्यावा लागतो. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय आहे, २०१६ पासून. अपंगत्वाचं प्रमाणपत्र दाखवून सभासद होता येतं.

फोडणी

नोटांचं राहिलं. १००, २०० आणि ५०० च्या नव्या नोटांची उंची सारखी, ६६ मिलिमीटर. लांबी १४२, १४६ आणि १५०. चार मिलिमीटरचा फरक गर्दीत बोटाला कळत नाही. कडेला उठावाच्या रेघा आहेत, १०० ला चार आणि ५०० ला पाच, पण नोट मळली की त्या जातात. म्हणून घरी बसून डोळस माणसाकडून किंवा रिझर्व्ह बँकेच्या मनी ॲपने नोटा ओळखून घडी घालायची: ५०० लांबीत दुमडलेली, २०० रुंदीत दुमडलेली, १०० सरळ. सुटे परत घेताना प्रत्येक नोट "ही किती?" विचारून लगेच तशी घडी. २० चं नाणं बारा कोनांचं आहे, ते बोटाला चटकन सापडतं.

चैत्रपालवी

हे सगळं शिकवणारं कुठे मिळेल?

उंबरठा

राष्ट्रीय अंधजन संघटना, म्हणजे नॅब, १९५२ पासून मुंबईत आहे आणि महाराष्ट्रात तिच्या शाखा आहेत. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, तीही १९५२ ची. संगणक, अभ्यास आणि बँकेच्या अडचणी यांसाठी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं केंद्र. निवासी शिक्षण हवं असेल तर देहरादूनच्या दृष्टिबाधितांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत प्रौढ अंधांसाठी वेगळं प्रशिक्षण केंद्र आहे. जाताना फोन करून एकच प्रश्न विचारा: "मोठ्या वयात दृष्टी गेलेल्यांना काठीचं शिक्षण देणारा माणूस आहे का?" नुसत्या काठ्या वाटणारे कार्यक्रम पुष्कळ होतात. काठी मिळाली आणि शिकवलं नाही तर ती दाराआड उभी राहते. रेल्वेने जाणार असाल तर पूर्ण अंध व्यक्तीला द्वितीय श्रेणी, स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत आहे, सोबतच्या एका माणसालाही तेवढीच.

टकटक

पावसाळा तोंडावर आहे म्हणून एक भर. छत्री घेऊ नका: एक हात अडकतो आणि कापडावरच्या पावसाच्या आवाजात गाड्यांचा आवाज बुडतो. रेनकोट घ्यावा, पण टोपी कानांवरून मागे सरकवून, हवं तर आत साधी कॅप घालून. ओल्या रस्त्यावर टायरचा आवाज मोठा होतो आणि गाडी आहे त्यापेक्षा जवळ वाटते. इलेक्ट्रिक रिक्षा आणि स्कूटरचा आवाज मात्र फारसा येत नाही. जोराच्या सरीत रस्ता ओलांडायचा असेल तर कुणाचा तरी दंड धरायला मागून घ्या. रस्त्यावर साचलेल्या पाण्यात काठी तळाला लागेपर्यंत पाऊल टाकायचं नाही, उघडं गटार असंच लपतं. घरी आल्यावर घडीची काठी उघडी ठेवून सांधे पुसून वाळवा. आत पाणी राहिलं की सांधे धरतात, इलॅस्टिक कुजतं आणि काठी नेमकी रस्त्याच्या मधोमध सुटी होते. टोकाची नायलॉनची टोपी एका बाजूने झिजली असेल तर बदला. ती जास्त उजवीकडे झिजली असेल तर हात मध्यावरून सरकलाय, पकड पुन्हा तपासा.